अँटिव्हायरस बंद करून प्लग-इन टाकायला सांगणाऱ्यांनो, थांबा

संगीत करणाऱ्या पोरांच्या ग्रुपांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. फुकटचे प्लग-इन (संगणकावर वाद्यांचे आवाज आणि इफेक्ट देणारी सॉफ्टवेअर) खेळण्यातले. मोठ्या कंपन्यांचे क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरट्या प्रती, बिनधास्त वापरा, अँटिव्हायरस ओरडला तर बंद करा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घ्यायची तो आकडा) १९२ किलोहर्ट्झ ठेवा. आवाज तडतडला तर मशीन बदला. वाजवता येत नसलं तरी चालतं, प्लग-इन सगळं करतो. माझ्या भाच्याने तो वाचला, अँटिव्हायरस बंदही केला आणि वर मलाच पाठवला, "मामा, तू उगाच पैसे घालवलेस" म्हणून.

आधी क्रॅकचं बघू. बाकीच्या सल्ल्यांनी फार तर वेळ नाहीतर पैसे वाया जातात, याने अख्खं मशीन दुसऱ्याच्या हातात जातं.

मेसेज म्हणतो, क्रॅकमध्ये व्हायरस नसतोच, कंपन्याच धंद्यासाठी खोटे इशारे द्यायला लावतात. यात तथ्य एवढंच की सिरियल नंबर बनवणारा प्रत्येक कीजेन घातक नसतो, आणि अँटिव्हायरस कधीकधी निरुपद्रवी कीजेनलाही पकडतो. मान्य. पण तुमच्या पुढ्यातली फाइल त्यातली आहे की नाही, हे कशावरून ठरवणार? ज्याच्याकडून थोडाफार सुगावा लागला असता, तेच तुम्हाला आधी बंद करायला सांगितलंय.

२०१९ च्या जूनमध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी 'लाउडमायनर'बद्दल सविस्तर लिहिलं. एकाच वेबसाइटवर व्हीएसटीशी (प्लग-इनचा एक प्रचलित प्रकार) संबंधित १३७ सॉफ्टवेअर होती, ४२ विंडोजची आणि ९५ मॅकची. मॅकला काही होत नाही म्हणणाऱ्यांनी दुसरा आकडा परत वाचावा. हव्या त्या सॉफ्टवेअरसोबत एक लपवलेलं व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा सॉफ्टवेअरचा दुसरा संगणक) बसायचं, मॅकवर क्यूईएमयूचं, विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्सचं. त्यात एक छोटं लिनक्स, आणि ते तुमच्या प्रोसेसरवर, तुमच्या विजेवर, भलत्याच कुणासाठी मोनेरो हे क्रिप्टो चलन खोदत बसायचं. सीपीयू १०० टक्क्यांवर अडकल्याच्या तक्रारी लोक करत होते.

यासाठी संगीताचीच सॉफ्टवेअर का, याचाही अंदाज त्या अहवालात आहे. ही मशीनं दणकट असतात आणि सीपीयूवर ताण आला तर कुणाला नवल वाटत नाही. शिवाय फाइली मुळातच अवाढव्य असतात, त्यामुळे व्हर्च्युअल मशीनची इमेज त्यात खपून जाते. म्हणजे आपलं काम ज्या प्रकारचं आहे, तेच त्यांना लपायला सोयीचं आहे. आता मेसेजमधले दोन सल्ले शेजारी ठेवा: क्रॅक टाका, आणि आवाज तडतडला तर मशीन बदला. क्रॅकमधून असलं काही आत आलं असेल तर तडतड त्यानेच वाढेल, आणि पोरगं आईवडिलांकडे नव्या लॅपटॉपसाठी हट्ट धरून बसेल. या मेसेजची मला चीड येते ती इथे.

तडतडीचं नेहमीचं कारण बफर, म्हणजे एका दमात तयार करायचा आवाजाचा तुकडा. ४४.१ किलोहर्ट्झला बफर १२८ सॅम्पलचा असेल, तर दर तीनेक मिलिसेकंदांत सगळ्या प्लग-इनचा हिशोब पुरा व्हावा लागतो. नाही झाला की तड्. रेकॉर्डिंग संपल्यावर बफर १०२४ करा, जड ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे त्यांचा आवाज आधीच तयार करून ठेवा. आणि रेट १९२ वर नेलात तर तेच काम चौपटीहून जास्त होतं. कशासाठी? ४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, माणसाचा कान २० च्या आसपास थांबतो. अलायझिंग (रेटमध्ये न मावणारे उंच सूर खाली दुमडून भलतेच ऐकू येणं) टाळायला जास्त रेटचा उपयोग होतो हे खरं, पण त्यासाठी अनेक सिंथ (आवाज स्वतः घडवणारे प्लग-इन) आतल्या आत ओव्हरसॅम्पलिंग करतात, म्हणजे तेवढ्यापुरता रेट वाढवतात.

'फुकटचे खेळण्यातले' म्हणणाऱ्याने सर्ज हा सिंथ उघडून तरी पाहिलाय का? तो आधी विकतच मिळायचा, २०१८ मध्ये त्याचा कोड खुला झाला. डेक्स्ड घ्या: यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ या कीबोर्डचे सहा ऑपरेटर (आवाज घडवणारे घटक), ३२ अल्गोरिदम (ते जोडायच्या रचना), शिवाय मूळ कीबोर्डचे पॅचही (साठवलेले आवाज) त्यात उघडतात. व्हायटल हा सिंथ आहे, रेकॉर्ड केलेली वाद्यं वाजवणाऱ्या कॉन्टॅक्टचा फुकट प्लेअर आहे. एकट्या व्हायोलिनची खरी वाटणारी मींड मात्र फुकटात सहसा मिळत नाही, हे कबूल. पण विकतच्या लायब्ररीतही ती आपोआप येत नाही. पिच बेंड (सूर वर-खाली सरकवण्याची सोय) बहुतेक ठिकाणी दोन सेमीटोनवरच अडतो. आधी त्याची रेंज वाढवा, मग तासन्तास हात बसवा.

प्लग-इन सगळं करतो, हे म्हणणाऱ्याने माउसने काढलेला पियानो ऐकावा. प्रत्येक सुराची व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) १००, म्हणून हळू आणि जोरात दाबलेल्या पट्ट्यांचे वेगवेगळे सॅम्पल असूनही एकच थर वाजत राहतो.

ज्यांनी क्रॅक आधीच टाकलेत त्यांनी डीएडब्ल्यू (संगीत बनवायचं मुख्य सॉफ्टवेअर) बंद करून टास्क मॅनेजर किंवा ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडावा. काहीच वाजत नसताना सीपीयू वर असेल, क्यूईएमयू किंवा व्हर्च्युअलबॉक्स न बसवता दिसत असेल, तर नुसतं अनइन्स्टॉल करून भागणार नाही. मिडी आणि वेव्ह फाइली तेवढ्या बाहेर काढा, इन्स्टॉलरचं फोल्डर बरोबर घेऊ नका, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाका आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.