करारावर सही झाली, पण बोलणं झालं का?

दोन कंपन्यांची भागीदारी मोडली की 'कार्यसंस्कृती जुळली नाही' असं सांगितलं जातं. मला हे कारण अपुरं वाटतं. एकमेकांकडून नेमकं काय हवंय, हे सहीआधी कुणी स्पष्ट विचारलेलंच नसतं.

फोक्सवॅगन आणि सुझुकीचंच बघा. डिसेंबर २००९ मध्ये करार झाला आणि फोक्सवॅगनने सुझुकीचे १९.९ टक्के शेअर घेतले. एकाकडे छोट्या गाड्यांचा अनुभव, दुसऱ्याकडे तंत्रज्ञान. जोडी झकास! पण सुझुकी स्वतःला बरोबरीची, स्वतंत्र भागीदार मानत होती, आणि फोक्सवॅगनच्या वार्षिक अहवालात छापून आलं की सुझुकीच्या धोरणांवर आपण लक्षणीय प्रभाव टाकू शकतो. भागीदार आपल्याला काय समजतो, हे छापील अहवालात वाचायची वेळ यावी? पुढे सुझुकीने फियाटकडून डिझेल इंजिनं घ्यायचं ठरवलं, तर फोक्सवॅगनने त्याला करारभंग म्हटलं. कबूल केलेलं तंत्रज्ञान मिळत नाही, ही सुझुकीची तक्रार होतीच. २०११ मध्ये भांडण चव्हाट्यावर आलं आणि लवादाचा निकाल लागला ऑगस्ट २०१५ मध्ये. दोन वर्षंही धड न टिकलेलं नातं सोडवायला त्याच्या दुप्पट काळ गेला.

शेवटचा शब्द कुणाचा? तिसऱ्या कंपनीकडून माल घेतला तर चालेल? कोणतं तंत्रज्ञान, कधी मिळणार? असं विचारलं तर सौदा फिसकटेल, म्हणून लोक गप्प बसतात. अहो, फिसकटू दे की! तेव्हा फिसकटलेला सौदा स्वस्तात पडतो.

बरं, साहेबलोकांचं एकमत असूनही भागत नाही. १९९९ मध्ये नासाचं मंगळयान नष्ट झालं, कारण यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधले आकडे पाउंडात होते आणि नासाची टीम ते न्यूटन या वेगळ्याच एककातले समजत होती. आकड्यांत काहीतरी गडबड आहे, अशी शंका काही जणांना आधीच आली होती. ती अनौपचारिक बोलण्यातच राहिली, ठरलेल्या पद्धतीने नोंदवून तडीस नेली गेली नाही. मला या घटनेत सगळ्यात जास्त हेच सलतं.

म्हणून दोन्हीकडच्या प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना एकमेकांशी थेट बोलायची मुभा हवी, दर वेळी वरिष्ठांमार्फत नको. फोनवर ठरलेलं त्याच दिवशी लेखी जावं. आणि दर बैठकीत पहिला विषय 'काय अडलंय' हा असावा. प्रगतीच्या स्लाइड्स नंतर दाखवता येतात.