‘माझ्याकडे तर चालतं’ म्हणणाऱ्या धुळ्याच्या भाऊंना

भाऊ,

पासवर्डऐवजी फोनच्या अंगठ्याने लॉगिन करायच्या पासकीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: ‘अर्धवट लेख. कुठून तरी उचलून मराठीत केलेला दिसतो. क्लायंट डेटाचं जेसन सर्व्हरवर पार्स करा, पुन्हा स्ट्रिंगिफाय करून हॅश काढा, झालं. एवढं अवडंबर कशाला? माझ्याकडे तर चालतं. चॅलेंजच्या लांबीत चूक आहे. काउंटरचं काहीच सांगितलेलं नाही.’

चॅलेंजची, म्हणजे सर्व्हर दर लॉगिनला नव्याने पाठवतो त्या यादृच्छिक बाइटांची, चूक मान्य. ‘किमान 16 बाइट’ऐवजी ‘16 अक्षरं’ पडलं होतं, आणि बेस64च्या (बाइट अक्षरांत लिहायची रीत) 16 अक्षरांत 12च बाइट मावतात. दुरुस्त केलंय. पण हे एका ओळीत सांगता आलं असतं, त्याला ‘उचलून’ची फोडणी कशाला? जळगावात बसून पतसंस्थांची आणि जिनिंगवाल्यांची लॉगिनं मी वेबऑथनवर, म्हणजे पासकीच्या वेब मानकावर, लिहितो. लेख कुठून उचलला ते दाखवा, नाहीतर शब्द मागे घ्या. आपण खानदेशी माणसं तोंडावर बोलतो, ठीक आहे. पण तोंडावर बोलणं वेगळं आणि तोंडाला येईल ते बोलणं वेगळं.

आता त्या ‘झालं’बद्दल. वाचणाऱ्या इतरांसाठी: क्लायंट डेटा म्हणजे ब्राउझर बनवतो ती लॉगिनची माहिती, जेसन म्हणजे ‘की’ (नाव) आणि तिची किंमत अशा जोड्यांचा मजकूर. पार्स म्हणजे तो सोडवणं, स्ट्रिंगिफाय म्हणजे पुन्हा बांधणं, आणि हॅश म्हणजे बाइटांचा ठसा, एक बाइट बदलला तरी बदलणारा. लॉगिनच्या वेळी फोन सही करतो ती दोन गोष्टी जोडून: आधी ऑथेंटिकेटर डेटा (फोनने स्वतः दिलेली माहिती), त्याच्या शेपटीला क्लायंटडेटाजेसनचा एसएचए-256 हॅश, 32 बाइटांचा. हा हॅश ब्राउझरने बनवलेल्या नेमक्या बाइटांचा असतो, त्यातल्या ‘अर्थाचा’ नव्हे. बाजार समितीतली काटापट्टी घ्या. तेच आकडे तुम्ही दुसऱ्या कागदावर सुबक अक्षरात उतरवले, तरी मापाऱ्याची सही जुन्याच कागदावर राहते.

तुमच्याकडे चालतं, कारण तुमचा सर्व्हर नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्टवर, असणार. जावास्क्रिप्ट कीजचा क्रम राखते आणि मधे जागा सोडत नाही, म्हणून पार्स करून पुन्हा बांधलेलं जेसन बहुतेक वेळा बाइटाला बाइट जुळतं. हेच पीएचपीत करा. तिथला जेसन बांधणारा जेसन_एन्कोड प्रत्येक तिरक्या रेघेआधी उलटी रेघ घालतो, आणि ओरिजिनमध्ये (साइटच्या पत्त्यात) ‘एचटीटीपीएस’नंतर दोन तिरक्या रेघा असतातच. हॅश गेला. पायथनचं तेच काम करणारं डम्प्स स्वल्पविराम आणि कोलननंतर एकेक जागा सोडतं. गो भाषेत स्ट्रक्टमध्ये (ठरलेल्या रकान्यांत) उतरवलंत तर अनोळखी की गळून पडते, मॅपमध्ये घेतलंत तर कीज वर्णक्रमाने लागतात. पोस्टग्रेस डेटाबेसच्या जेसनबी कॉलममध्ये ठेवून नंतर हॅश काढणाऱ्यांचीही हीच गत.

अनोळखी की म्हणजे काय, तेही सांगतो. क्रोम अधूनमधून मुद्दाम एक जादा की टाकतो. तिच्या नावाचा अर्थ ‘इथे आणखी कीज येऊ शकतात’ आणि मजकुराचा ‘साच्याशी ताडून पाहू नका’. कोणीतरी हेच करणार, हे क्रोमवाल्यांनी आधीच ओळखलं होतं. तो कोणीतरी धुळ्यात निघाला.

गंमत म्हणजे नोंदणीत हे उघडकीला येत नाही. अटेस्टेशन, म्हणजे उपकरणाचा दाखला, ‘नन’ (काही नाही) असलं की तपासायला सहीच नसते. पासकी बिनबोभाट जमा होते आणि सभासद दुसऱ्या दिवशी लॉगिनला अडकतो. मग फोन येतात ‘फोनचा अंगठा चालत नाही’ म्हणून.

करायचं इतकंच. आलेला मजकूर बेस64यूआरएलमधून (बेस64चा वेबपत्त्यात चालणारा प्रकार) सोडवा, मिळालेले बाइट एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि त्यांना हात लावू नका. हॅश त्यांचाच. त्यांची प्रत पार्स करा: टाइप लॉगिनला ‘वेबऑथन.गेट’, नोंदणीला ‘वेबऑथन.क्रिएट’. चॅलेंज सेशनमध्ये (सर्व्हरने त्या भेटीपुरतं) साठवलेल्याशी ताडा, पण दोन्ही बाजू बाइटांत आणून. 32 बाइटांचं चॅलेंज ब्राउझर 43 अक्षरांत पाठवतो, साधं बेस64 शेवटी बरोबरचं चिन्ह लावून 44 करतं, शिवाय साध्या बेस64मधल्या अधिक आणि तिरकी रेघ यांच्या जागी ब्राउझरच्या मजकुरात वजा आणि अधोरेखा येतात. स्ट्रिंग म्हणून ताडलंत तर कधीच जुळणार नाही. ताडून झालं की चॅलेंज लगेच खोडा, जुळो वा न जुळो. ओरिजिन पूर्ण ताडा: स्कीम, होस्ट, आणि पोर्ट 443 सोडून दुसरा असेल तर तोही. ‘याने सुरू होतं का’ असं तपासणारा कोड मी पाहिलाय. आपल्या पत्त्यापुढे बिंदू देऊन स्वतःचं डोमेन जोडणारा चोर त्या तपासणीतून आरामात पार होतो. क्रॉसओरिजिन ‘ट्रू’ आलं आणि तुम्ही आयफ्रेम (दुसऱ्या साइटच्या पानात आपलं पान बसवायची चौकट) वापरत नसाल तर परत पाठवा. मग ऑथेंटिकेटर डेटाचे पहिले 32 बाइट तुमच्या आरपी आयडीच्या (साइटच्या डोमेनच्या) हॅशशी जुळवा, फ्लॅग (माणसाने फोनवर होकार दिला का वगैरे खुणा) पाहा, आणि शेवटी सही.

काउंटरचं, म्हणजे पासकीने केलेल्या सह्यांच्या मोजणीचं, लेखात आहे, तिसऱ्या परिच्छेदात. सिंक होणाऱ्या पासकी बहुतेक शून्यच पाठवतात. साठवलेला आणि आलेला दोन्ही शून्य असतील तर तुलना सोडून द्या. खाली प्रतिक्रिया लिहायला वेळ होता, तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचायला नव्हता, असं दिसतं.

तुमचा तोच कोड पीएचपीत उतरवा, तिरक्या रेघांआधीची उलटी रेघ टाळणारा पर्याय न देता चालवा, आणि दोन्ही हॅश इथे खाली चिकटवा. मग बोलू.