पाच पिना आणि एक सातबारा

कोकणात वर्षभर बंद राहिलेल्या घरात वाळवी, उंदीर आणि चुलत्यांचे वाद उत्तम वाढतात. आजारी पडतं ते फक्त कुलूप. वेंगुर्ल्याच्या आमच्या घराच्या पुढल्या दाराला आजोबांनी मुंबईहून आणलेलं पितळी लॅच आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही सामानासकट पडवीत, पाऊस तिरका, आणि किल्ली आत जातेय पण फिरत नाही.

शेजारच्या काकू छत्रीतूनच म्हणाल्या, "खोबरेल घाल, मग बघ कसा फिरता!" कुलपात तेल घातलं की धूळ चिकटते आणि त्याचा चिखल होतो, त्यापेक्षा शिसपेन्सिलीची पूड बरी. पण हे मुंबईहून आलेल्या माणसाने सांगायचं नसतं. खोबरेल घातलं. लॅचला छान वास येऊ लागला.

शेवटी पुतण्या कौलं सरकवून आत उतरला आणि आतला खटका फिरवून दार उघडून उभा राहिला. ज्या घराचं छप्पर हाताने उचलता येतं, त्याच्या दाराला एवढं भारी लॅच कशाला, हे आजोबांना विचारायचं राहूनच गेलं.

मग बाजारातला किल्लीवाला आला. त्याने लॅच पडवीत खोललं आणि मी जन्मात पहिल्यांदा कुलपाचं पोट पाहिलं. मधे फिरणारा लांबट पितळी गोळा, त्यात ओळीने पाच भोकं, ती वर बाहेरच्या कवचातही गेलेली. प्रत्येक भोकात खाली एक पिन, तिच्यावर दुसरी, तिच्यावर स्प्रिंग. खालच्या पिना किल्लीच्या खाचांप्रमाणे लहानमोठ्या. बरोबर किल्ली घातली की पाचही जोड्यांमधल्या फटी गोळ्याच्या कडेला एका रेषेत येतात, तेव्हाच तो फिरतो. ही रचना अमेरिकेतल्या लायनस येल बापलेकांची. बापाचं पेटंट 1848 चं, आणि लेकाने 1861 मध्ये खिशात मावणारी चपटी किल्ली आणली. मला मात्र हे थेट आमच्या सातबाऱ्यावरून उचललेलं वाटलं. नावं पाच, आणि सगळे एकाच वेळी जागेवर आल्याशिवाय काही हलत नाही.

वरच्या पिनांपैकी एक तर कमरेत बारीक होती, रिळासारखी. किल्लीवाला खूश झाला. "ही चोरासाठी. तारेने उचलली की गोळा जरासा फिरतो, चोराला वाटतं जमलं, आणि तिथेच अडकतो." असा एक चुलतभाऊ आम्हालाही आहे. "सही करतो रे" म्हणतो, तलाठ्याकडे येतोसुद्धा, आणि पेन हातात घेतल्यावर त्याला जुनी हापूसची कलमं आठवतात.

खाऱ्या हवेने दोन स्प्रिंगा गंजून तुटल्या होत्या. नव्या मिळेनात. किल्लीवाल्याने त्या दोन भोकांतल्या पिनाच काढून टाकल्या. म्हणजे दोघांचं हक्कसोडपत्र! हे इतकं सोपं असतं हे वडिलांना कळलं असतं तर कोर्टाचा खर्च वाचला असता. रिळवाली पीडाही त्यातच गेली. किल्ली लोण्यासारखी फिरली.

संध्याकाळी काकू हरतालिकेची पत्री मागायला आल्या. दार ओढून घेतलेलं. आम्ही आत मखर बांधत होतो, तर लॅच खट्कन वाजलं आणि काकू आत! हातात त्यांच्याच घराची किल्ली.

"आता पुढच्या वर्षी कौलां काढूक नको," त्या म्हणाल्या. "आमची लागता."