चहाडखोराची बदली

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला की मालकाला सुचणारा पहिला उपाय म्हणजे त्यावर काळी चिकटपट्टी. मी या उपायाच्या अगदीच विरोधात नाही. रात्री झोप लागते. पण गाडी पेट्रोल ढोसायला लागली, पिकअप गेला आणि धुराचा वास डोळ्यांत झोंबू लागला, की पट्टी काढून स्कॅनर जोडावाच लागतो. स्कॅनर म्हणतो 'ऑक्सिजन सेन्सर', आणि आपण लगेच नवा सेन्सर मागवायला निघतो. इथेच मला दोन्ही हात आडवे करून रस्ता अडवावासा वाटतो.

हा सेन्सर म्हणजे एक्झॉस्टच्या नळीत नाक खुपसून बसलेला चहाडखोर. धुरात ऑक्सिजन किती उरला एवढीच चहाडी तो ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे, करतो. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हा ईसीयूचा हिशोब. पेट्रोल जास्त झालं की सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास ओरडतो, हवा जास्त झाली की ०.१ वर येऊन पुटपुटतो; मधली रेघ ०.४५ ची. त्यातली झिर्कोनियाची चिनीमाती तीनेकशे अंशांच्या वर तापल्याशिवाय मात्र साहेब तोंड उघडत नाहीत, म्हणून पोटात हीटर दिलेला असतो. आणि जुन्या गाडीत बरेचदा आधी मरतो तो हा हीटरच.

स्कॅनरवरचा बिघाडाचा कोड पी०१३५ किंवा पी०१४१ असेल, तर तक्रार हीटरच्या सर्किटची आहे. आधी फ्यूज बघा. तो उडालेला निघाला तर थोडी लाज वाटते, पण खर्च वाचतो. (तो का उडाला हेही बघावं लागतं, पण निदान सुरुवात स्वस्तात होते.) मग कनेक्टर काढून एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये, बहुधा पांढऱ्या, मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. थंड सेन्सरला काही ओहम यायला हवेत. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलात असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर गेला. सिग्नलच्या वायरीवर मात्र ओहमची रेंज लावू नका. मीटर स्वतःचा करंट आत ढकलतो आणि धडधाकट सेन्सर तपासणीतच दगावू शकतो.

खरा घोळ पी०१७१ चा, म्हणजे 'मिश्रण लीन', हवा जास्त आणि पेट्रोल कमी. सेन्सर खोटं बोलत नाही, पण त्याला दिसतो फक्त ऑक्सिजन. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल, म्हणजे मध्येमध्ये पेट घेत नसेल, तर त्यातली हवा न वापरताच बाहेर येते. न जळलेलं पेट्रोलही सोबत येतं, पण ते त्याला दिसत नाही. तो 'हवा जास्त' म्हणून बोंब मारतो, ईसीयू आणखी पेट्रोल ओततो, आणि जो प्लग ठिणगीच देत नाही त्याच्या पापाची फेड पेट्रोलच्या टाकीतून होते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट सेन्सरच्या अलीकडे फुटलं असेल तरीही तेच: एक्झॉस्टच्या दाबाच्या लाटांमध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. थंड इंजिन चालू करून जोडांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले की चोर सापडला. इनटेकच्या बाजूची तडकलेली व्हॅक्यूम नळी असेल तर मिश्रण खरोखरच लीन असतं आणि सेन्सर बिचारा बरोबर असतो.

सेन्सर आळशी झालाय का, हे स्कॅनरच्या लाइव्ह डेटात, म्हणजे चालत्या इंजिनाच्या आकड्यांत, कळतं. गाडी चांगली तापवा, दोन हजारांच्या आसपास आरपीएम धरा. पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, सेन्सरचा आकडा सारखा खालीवर नाचला पाहिजे. अॅक्सिलरेटर झटक्यात दाबला की ०.८ च्या वर उडी, सोडला की जवळपास तळाला. हे चपळाईने होत असेल तर सेन्सरला हात लावू नका. मागचा, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा, ०.६-०.७ च्या आसपास शांत हवा. तोही पुढच्यासोबत नाचायला लागला तर कन्व्हर्टरनेच राम म्हटलाय, तिथे सेन्सर बदलून उपयोग शून्य. काही गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, त्याला हे व्होल्टांचं गणित लागू नाही.

एवढं करूनही दोषी सेन्सरच निघाला, तर आता तो काढायचा. कोड वाचणं हा बुद्धीचा खेळ होता, हा मनगटाचा. इतकी वर्षं तापून-निवून तो नळीशी एकजीव झालेला असतो. आदल्या रात्री पेनेट्रेटिंग ऑइल मारा. सकाळी इंजिन थोडं चालवून नळी कोमट करा. लालबुंद नळीला हात लावणं शौर्यात मोडत नाही. पाना बहुधा २२ मिलिमीटरचा. वायरीसाठी चीर दिलेला खास सॉकेट जोर लावला की फाकतो आणि षटकोनाचे कोपरे गोल करून टाकतो. जुना सेन्सर फेकायचाच आहे ना? वायर कापा आणि सरळ रिंग पाना चढवा. थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा सैल, मध्ये तेल. एका दमात उपटलात तर नळीचे आटे सोबत बाहेर येतील, आणि मग वेल्डरची पायरी चढावी लागेल. आटे नुसतेच घाण झाले असतील तर एम१८ गुणिले १.५ चा चेझर, म्हणजे आटे साफ करायचं हत्यार, फिरवा.

निघालेल्या सेन्सरचं टोक नीट बघा, त्यावर त्याचं मरण लिहिलेलं असतं. काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच, पेट्रोल जास्त. पांढरा थर म्हणजे कूलंट जळतंय, किंवा कुणीतरी साधं सिलिकॉन सीलंट सढळ हाताने थापलंय. तपकिरी राख म्हणजे इंजिन ऑइल खातंय. हे दुरुस्त न करता नवा लावलात तर तोही त्याच वाटेने जाईल.

नवा शक्यतो तयार कनेक्टरचा घ्या. बिनकनेक्टरचा 'युनिव्हर्सल' घेतला तर वायरींची जोडणी क्रिम्पने दाबून करा, सोल्डरचा डाग देऊ नका: बरेच सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतल्या फटीतूनच घेतात. कनेक्टरात ग्रीस भरायची खोड याच कारणाने आवरा. आट्यांवर अँटी-सीझ, म्हणजे ते जाम होऊ न देणारी पेस्ट, बहुधा आधीच लावलेलं येतं. नसेल तर सेन्सरसाठीचंच थोडं लावा, टोकाला बोटसुद्धा नको. हाताने आटे धरू द्या, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलातल्या आकड्यापर्यंत, साधारण ४० न्यूटन-मीटर. हातातून फरशीवर पडला तर नव्याची आशा सोडा, आतली चिनीमाती तडकलेली असू शकते. वायर नळीपासून लांब, मूळच्या क्लिपांत अडकवा.

मग कोड पुसा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचा आकडा, पुढच्या काही फेऱ्यांत उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत यायला हवा. लगेच प्रदूषण चाचणीला मात्र धावू नका: कोड पुसताना ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या झालेल्या असतात. थंड इंजिनापासून सुरू करून काही दिवस शहरात आणि हायवेवर गाडी फिरवा, स्कॅनरवर या तपासण्यांचे सगळे मॉनिटर 'रेडी' दिसले की मगच रांगेत लावा.