थरारपटासाठी प्रेत निवडताना घ्यावयाची काळजी

आपण तालुक्याच्या गावी घडणारा गुन्हेगारी थरारपट काढण्याचे मनावर घेतले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. हा प्रकार सध्या चांगला चालतो, त्याला मोठे तारे लागत नाहीत, परदेशी चित्रीकरणाचा खर्च नाही आणि मुख्य म्हणजे ज्या पात्रावर सगळी कथा उभी राहते त्या पात्राला एकही संवाद नसतो. गेल्या हिवाळ्यात असाच एक चित्रपट आमच्या गावात चित्रित झाला आणि मागच्या महिन्यात तो आमच्याच गावातल्या एकुलत्या एका थिएटरात लागला. मी येथील कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, तेव्हा चित्रपटातले मला काही कळत नाही हे आधीच मान्य करते. परंतु तो मी स्वखर्चाने, अकरा मुलींना बरोबर घेऊन, शेवटपर्यंत पाहिला असल्यामुळे त्यातून जे शिकायला मिळाले ते आपल्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य समजते.

गाव कोणतेही चालेल. फक्त त्यात उभा ऊस, पडकी विहीर आणि बंद पडलेला साखर कारखाना असावा, आणि कथा मे महिन्यात घडत असली तरी पाऊस पडत राहावा. बोलीची चिंता करू नये. नागपूरचे ‘बे’, कोल्हापूरचे ‘लई’ आणि मराठवाड्याचे ‘लेकरू’ एकाच घरात नांदले तरी समीक्षकांना त्यात मातीचा वास येतोच.

मेलेल्या मुलीला मैत्रिणी, उधारी, बारावीत राहिलेला इंग्रजीचा पेपर असे काही देऊ नये. ती माणूस वाटू लागते.

आता प्रत्यक्ष प्रेताविषयी, आणि येथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण नवखे दिग्दर्शक याच ठिकाणी चुकतात. प्रेत देखणे असावे. ते फुगलेले, काळवंडलेले किंवा ओळखू न येणारे असून चालत नाही. कालव्याच्या पाण्यात दोन दिवस राहिले तरी त्याच्या डोळ्यांतले काजळ जागच्या जागी असावे. आमच्या गावी आलेल्या मंडळींनी या कामासाठी माझ्याच हाताखालून गेलेली एक मुलगी निवडली. ती एकोणीस वर्षांची आहे, पोलीस भरतीची तयारी करते, आणि गोळाफेकीत तालुक्यात पहिली आलेली आहे. तिला काय येते हे कोणी विचारले नाही. उंची विचारली, वजन विचारले आणि रंग जरा उजळ असता तर बरे झाले असते असे तिच्या आईच्या देखत सांगितले. जानेवारीच्या दोन रात्री, अकरा ते पहाटे चारपर्यंत, ती कालव्याच्या कडेला अर्धी पाण्यात पडून होती. थंडीने तिच्या अंगावर काटा येई आणि तो कॅमेऱ्यात दिसतो म्हणून तिलाच ओरडा बसे. एका रात्रीचे दीड हजार ठरले होते, दोन रात्रींचे मिळून दोन हजार हातावर ठेवले गेले. मुलगी मात्र खुशीत होती, कारण ‘मी पिक्चरमध्ये आहे’ हे तिने साऱ्या गल्लीला सांगून ठेवले होते, आणि म्हणूनच आम्ही बारा जणी रांगेत बसून तो चित्रपट पाहायला गेलो होतो.

पडद्यावर ती अकरा-बारा सेकंद आली. कॅमेरा तिच्या घोट्यांपासून निघाला, गुडघ्याशी रेंगाळला, फाटलेल्या पोलक्याशी थांबला, गळ्यावरच्या वळापर्यंत पोचला, आणि आता चेहरा दिसणार एवढ्यात इन्स्पेक्टरसाहेबांच्या भिजलेल्या डोळ्यांवर गेला, कारण दुःख त्यांना झालेले होते. मागच्या रांगेतून शिट्टी आली. प्रेत पाहून शिट्टी आली, हे मी उपरोधाने लिहीत नाही, तसे घडले आहे. माझ्या शेजारी बसलेली ती मुलगी अंधारात कुजबुजत विचारत होती, ‘मॅडम, माझं तोंड आलं का हो? माझं लक्ष चुकलं का?’ शेवटच्या श्रेयनामावलीत चहावाल्याचे नाव आहे, जनरेटरवाल्याचे आहे, सहकार्याबद्दल आमच्या नगराध्यक्षांचे तर दोनदा आहे. तिचे नाही.

परीक्षण मंडळाची धास्ती घेऊ नये. केंद्र सरकारने १९९१ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत असे लिहिलेले आहे की स्त्रियांवरील लैंगिक हिंसेची दृश्ये टाळावीत, आणि कथेला ती अपरिहार्यच असतील तर कमीत कमी ठेवून त्यांचे तपशील दाखवू नयेत. आपण सगळे तपशील दाखवावेत आणि पार्श्वभूमीला हळुवार बासरी ठेवावी. मग ते तपशील राहत नाहीत, संवेदनशीलता होते. नायकाने सिगारेट पेटवली की पडद्याच्या कोपऱ्यात इशारा द्यावा लागतो, तेवढा मात्र विसरू नये.

इन्स्पेक्टर मुंबईहून बदली होऊन आलेला, दारू पिणारा आणि शक्यतो विधुर असावा. म्हणजे आणखी एक मेलेली बाई फुकटात मिळते. महिला पोलीस दाखवायचीच असेल तर तिच्या हाती टॉर्च द्यावा. २०१३ च्या दुरुस्तीपासून अशा गुन्ह्यात पीडितेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यावी असा कायदा आहे खरा, परंतु फिर्याद लिहिणाऱ्या बाईला संथ गतीने चालता येत नाही आणि तिचा कोट वाऱ्यावर उडत नाही.

खुनी माथेफिरू असावा, आणि त्याला लहानपणी आईने मारलेले असावे. येथे आकडेवारीच्या नादी लागून आपला घात करून घेऊ नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदलेले आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा गट, ३१.४ टक्के, नवरा किंवा नातेवाईक यांनी केलेल्या छळाचा आहे. आता नवराच गुन्हेगार असतो म्हटल्यावर मध्यंतरापर्यंत काय दाखवणार? दोन खोल्यांच्या घरात ड्रोनही उडत नाही.

शेवट चकमकीने करावा. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितले की त्या गोळ्या ठार मारण्याच्याच हेतूने झाडलेल्या होत्या. पण आयोगाचा अहवाल वाचायला कोणी पॉपकॉर्न घेऊन बसत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जिवंत राहिलेली बाई कथेत घेऊ नये. ती फार अडचण करते. तालुक्याच्या गावची सत्य घटनाच हवी असेल तर आपल्याकडे देसाईगंजची आहे. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या त्या गावी, १९७२ च्या मार्च महिन्यात, एका कोवळ्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्याच्या आवारात अत्याचार झाला, आणि आरोपी होते त्याच ठाण्याचे दोन पोलीस. रहस्य शून्य. मुलगी मेली नाही, ती न्यायालयात उभी राहिली. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण होते. या निकालावर उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बाईने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले तर न्यायालयाने ती नव्हती असेच धरून चालावे, असे तेव्हा ठरले. पीडितेची ओळख उघड करणे हाही त्याच वेळी गुन्हा झाला.

तेव्हा न्यायमूर्तींनी तिच्या अंगावर वळ शोधले होते, आज आपला कॅमेरा शोधतो. वळ दिसल्याशिवाय आमचा विश्वास बसत नाही, आणि वळ दिसले की आम्हाला अजून दोन सेकंद पाहायचे असतात. आपल्याला लाज वाटत नाही का? ‘समाजाला आरसा दाखवला’ असे मुलाखतीत सांगता, कोणता आरसा? आमच्या गावात इतक्या वर्षांत कालव्यावर कोणाही मुलीचा खून झालेला नाही. मुली जळाल्या आहेत त्या स्वयंपाकघरात, आणि दर वेळी पंचनाम्यात स्टोव्हचा भडका लिहिला गेला आहे. ते आपल्याला दिसले नाही, कारण आपण पंचेचाळीस दिवस आमच्या लॉजवर राहिलात आणि एकाही बाईशी बोलला नाहीत. कोणी बोलले असते तर कळले असते की कालव्याच्या कडेचा तो एक मैलाचा सपाट रस्ता म्हणजे आमच्या मुलींचे मैदान आहे; पहाटे पाच वाजता तिथे वीस-पंचवीस जणी भरतीसाठी पळत असत. आणि शिट्टी मारणारे, टाळ्या वाजवणारे, ‘एकदा बघायला हरकत नाही’ असे सांगत सुटणारे आम्ही गावकरी, आमच्याविषयी तर बोलायलाच नको.

चित्रपट लागल्यापासून आठ दिवसांत कालव्यावरच्या मुली निम्म्या झाल्या. ‘पिक्चरमध्ये दाखवलंय तिथं काय होतं ते,’ असे एका बापाने मला तोंडावर सांगितले. त्याच्याच लेकीने ते प्रेत केले होते. मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ती आता आमच्या गच्चीवर पळते. गच्चीची एक फेरी बत्तीस मीटरची भरते, म्हणजे पंचवीस फेऱ्या. टेप लावून तिने स्वतः मोजले आहे, आणि वळणावर पाण्याची टाकी आडवी येते म्हणून तिला अजून नऊ सेकंद जास्त लागतात.