सिबिल अन् आपला पत्ता

इकडे कोणाचं कर्ज नाकारलं की गावभर एकच चर्चा, "सिबिल खराब आहे बाप्पा त्याचं." पण सिबिल म्हणजे आपल्या कर्जा-हप्त्यांचा हिशोब ठेवणारी कंपनी, तिचा रिपोर्ट उघडून पाहिला कोणी? वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळते, सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स अन् क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी तो द्यायचाच असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2017 पासून आहे, तरी लोक कुठेतरी पैसे मोजून नुसता आकडा, म्हणजे स्कोअर, पाहून येतात.

आमच्या शेजारच्या पोट्ट्याचा रिपोर्ट पाहिला मी, ट्रॅक्टरसाठी अर्ज होता त्याचा. स्कोअर बरा होता. पण पत्ते चार! एक पुण्याच्या रूमचा, कंपनीत असताना हप्त्यावर मोबाईल घेतला होता तेव्हाचा, एकात आमचं खुर्द, एकात शेजारचं बुद्रुक, अन् चौथा नुसताच 'हनुमान मंदिराजवळ'. आडनाव कुठे वानखडे, कुठे वानखेडे. मोबाईल नंबर तीन, त्यातले दोन बंद, कारण नवीन ऑफर आली की आपण सिम फेकतो. आता याच्या आजानं बांधलेलं घर आहे, वावर सातबाऱ्यावर आहे, पण नागपुरात बसून फाईल पाहणाऱ्याला हा घडीघडी बिऱ्हाड हलवणारा माणूसच दिसणार ना!

पत्ता, नंबर, नोकरी यानं स्कोअर हलत नाही, हे खरं. तो बनते हप्ते वेळेवर गेले का, उधारी किती, खातं किती जुनं, किती ठिकाणी एकदम अर्ज टाकले यावर. पण कर्ज देणारा बाकीचंही वाचते, अन् फॉर्मवर विचारतेच की या पत्त्यावर किती वर्षांपासून राहता, धंदा किती जुना.

म्हणून माझं म्हणणं, तीन पिढ्या एका गावात काढल्या हे कागदावर दिसलं पाहिजे. आधार, पॅन, पासबुक सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग, एकच नंबर. कापसाचा चुकारा, दुधाचे पैसे एकाच खात्यात येऊ द्या, व्यापाऱ्याकडून रोख घेऊन दिवाळीत उडवले तर कमाईचा पुरावा कुठून आणणार? रिपोर्टात चूक दिसली तर त्या कंपनीकडे ऑनलाईन तक्रार टाका, फुकट आहे, 30 दिवसांत निपटारा नाही झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, 2024 पासून लागू आहे हे, पण बँकेत कोणी सांगत नाही काहून की विचारणाराच नाही.

बायांचं तर याहून बेकार. आधार माहेरच्या नावानं, पॅन सासरच्या, अन् दारात येऊन फॉर्म भरणारा फायनान्सवाला तिसरंच काहीतरी लिहून जाते, अन् बाया खाली सही करतात. बचत गटाचे हप्ते एकही न चुकवता भरणारी बाई, अन् रिपोर्ट काढला तर अर्धा हिशोब भलत्याच नावावर! लग्नाचं सर्टिफिकेट घेऊन आधार-पॅन सारखं करून घ्या, पेरणी लागायच्या आधी, मग जून लागला की कोणाला वेळ आहे.