‘एच-वन-बी’वाले सोशल सिक्युरिटी भरत नाहीत? खुलासा

‘अमेरिकेत व्हिसावर काम करणारे पगार घेतात, पण सोशल सिक्युरिटीत दमडीही टाकत नाहीत,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

एच-वन-बीवर (कुशल कर्मचाऱ्यांसाठीचा तात्पुरता व्हिसा) पहिल्या पगारापासून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीला (सरकारी निवृत्तिवेतन योजना) आणि १.४५ टक्के मेडिकेअरला (ज्येष्ठांची सरकारी आरोग्य विमा योजना) कापले जातात. कंपनीही तेवढेच भरते. सोशल सिक्युरिटीच्या कपातीला वार्षिक पगाराची कमाल मर्यादा आहे (२०२५ साठी १,७६,१०० डॉलर), मेडिकेअरला नाही.

गैरसमजाचे मूळ बहुधा एफ-वन या शिक्षणासाठीच्या व्हिसावरील विद्यार्थ्यांच्या सवलतीत आहे. पहिली पाच कॅलेंडर वर्षे, ओपीटी (शिक्षणाशी जोडलेली तात्पुरती कामाची परवानगी) धरून, त्यांना ही कपात लागू नसते. एच-वन-बी सुरू झाला की सवलत संपली. उलटी चूकही होते: पगार विभाग ओपीटीवाल्याचेही पैसे कापतो. अशा वेळी परतावा आधी कंपनीकडे मागायचा. तिने नकार दिला तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) पाठवायचे.

खरी गोम पुढेच आहे. निवृत्तिवेतनाला ४० क्रेडिट (कमाईवर जमा होणारे गुण) लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात. सहा वर्षांच्या एच-वन-बीत, कॅलेंडर वर्षे कशी पडतात त्यानुसार, २४ ते २८ होतात. तेवढ्यावर पुण्याला परतलेल्याला निवृत्तिवेतन नाही, भरलेले पैसेही परत नाहीत. जर्मनीशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, अमेरिकेशी नाही. त्यामुळे भारतातली पीएफची वर्षेही अमेरिकेतल्या हिशेबात जोडता येत नाहीत. म्हणजे फुकटात कोण खातेय, हा प्रश्न उलट बाजूने विचारायला हवा.